नौरूचें खत आणि नौरूचा मेद

शेतकऱ्यांच्या मासिकांत लठ्ठपणावर लेख कशाला, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. ज्यांचा सारा जन्म कमी पाऊस, कमी भाव आणि कमी धान्य ह्यांची चिंता वाहण्यांत गेला, त्यांच्यापुढें अति खाण्याच्या रोगाची कथा सांगणें थट्टेसारखें वाटेल. परंतु हा रोग जिभेच्या लाडांतून जितका उपजतो, त्याहून कितीतरी अधिक तो जमिनीच्या व व्यापाराच्या व्यवहारांतून उपजतो. ज्या देशाच्या इतिहासावरून हें सर्वांत स्पष्ट दिसतें, तो देश खताच्या धंद्यानें श्रीमंत झाला आणि खताच्याच धंद्यानें नागवला गेला. सुपरफॉस्फेटचें पोतें ज्यानें आपल्या शेतांत रिकामें केलें आहे, त्यास ही हकीकत अगदींच परकी वाटूं नये.

प्रथम रोगाचा आवांका पाहूं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं जगांतील दर आठ माणसांमागें एक माणूस लठ्ठ होता. अठरा वर्षांवरील सुमारें २५० कोटी माणसांचें वजन प्रमाणाबाहेर होतें, व त्यांपैकीं सुमारें ८९ कोटी माणसें लठ्ठ ह्या सदरांत मोडत होतीं. १९९० सालापासून प्रौढांतील लठ्ठपणा दुपटीहून अधिक झाला, आणि पांच ते एकोणीस वर्षांच्या मुलांमुलींतील तर चौपट झाला. पूर्वीं हा श्रीमंत देशांचा, आणि तेथेंही बसून खाणाऱ्यांचा, रोग समजत असत. आतां तो गरीब व मध्यम स्थितीच्या देशांत वेगानें पसरत आहे. एकाच गांवांत, कधीं कधीं एकाच चुलीवर जेवणाऱ्या कुटुंबांत, खुरटलेलें मूल व स्थूल आई अशी जोडी दृष्टीस पडते. ह्या संघटनेनें १९९७ सालीं जिनीव्हा येथें तज्ज्ञांची बैठक भरविली, तेव्हांपासून लठ्ठपणास जगभर पसरणाऱ्या साथीच्या पंक्तीस बसविण्यांत आलें आहे.

लठ्ठ कोणास म्हणावें ह्याचा हिशेब सोपा आहे. उंची मीटरांत मोजून तिचा वर्ग करावा, व किलोंतील वजनास त्या वर्गानें भागावें. भागाकार २५ वा अधिक आला कीं वजन जास्त, आणि ३० वा अधिक आला कीं लठ्ठपणा. साडेपांच फूट, म्हणजे १ मीटर ६८ सेंटिमीटर उंचीचा मनुष्य ७० किलोंपर्यंत ठीक. ८५ किलोंस पोंचला कीं तो लठ्ठ. अर्थात् ही मोजणी ढोबळ आहे. तालमींतला मल्ल ह्या हिशेबानें लठ्ठ ठरेल आणि हातपाय काटकुळे पण पोट सुटलेला दुकानदार सुटून जाईल. आपल्या लोकांच्या बाबतींत ह्या मोजणीचें काय करावें, तें पुढें येईल.

२०२२ सालच्या आंकड्यांत जगांत सर्वांत वर जीं नांवें आढळतात, तीं अमेरिकेचीं नव्हेत. पुरुषांत अमेरिकन सामोआ व नौरू, आणि स्त्रियांत टोंगा व अमेरिकन सामोआ, ह्या पॅसिफिक महासागरांतील बेटांवर शेकडा साठांहून अधिक प्रौढ माणसें लठ्ठ आहेत. ह्यांतील नौरू आपण जरा जवळून पाहूं.

नौरूचें क्षेत्रफळ सुमारें २१ चौरस किलोमीटर, म्हणजे पांच हजार दोनशें एकरांच्या आंतबाहेर. आपल्याकडील एखाद्या मोठ्या गांवाच्या शिवाराएवढा हा स्वतंत्र देश विषुववृत्ताच्या किंचित् दक्षिणेस, अथांग समुद्रांत एकटाच पडलेला आहे. किनाऱ्यालगत नारळींची अरुंद पट्टी, तिच्या आंत पठार, आणि पठाराच्या कुशींत बुआडा नांवाचें एक तळें, इतकाच त्याचा विस्तार. १७९८ सालीं तेथून जाणाऱ्या जॉन फर्न नांवाच्या इंग्रज कप्तानानें बेट लांबूनच पाहिलें आणि त्याचें नांव 'रम्य बेट' असें ठेविलें. लोकांचें अन्न म्हणजे नारळ, केवड्याच्या जातीच्या एका झाडाचें फळ, आणि मासे. समुद्रांत धरलेलीं एका जातीच्या माशांचीं बारीक पिलें आणून तीं ते तळ्यांत वाढवीत. तळ्यांत कुटुंबवार हिस्से पाडलेले असत व ज्याच्या हिश्श्यांतला मासा त्याचा. पाऊस बेभरंवशाचा असल्यामुळें अवर्षण पडलें कीं झाडें वाळत व माणसेंही वाळत. त्यामुळें अंगानें भरलेलें माणूस तेथें सुदैवाचें चिन्ह मानीत, आणि वयांत आलेल्या मुलींस मुद्दाम खाऊं घालून पुष्ट करण्याची चाल होती. ज्या भूमींत दुष्काळ पाहुण्यासारखा न सांगतां येतो, तेथें ह्या चालीस मूर्खपणा म्हणणारा मनुष्य दुष्काळ पाहिलेला नसावा.

ह्या पठाराचें सोनें कसें उघडकीस आलें ती गोष्ट गमतीची आहे. सिडनी येथील एका कंपनीच्या कचेरींत नौरूहून आणलेला एक धोंडा दार अडकविण्यास ठेविला होता. सारे त्यास दगड झालेलें लाकूड समजत. आल्बर्ट एलिस नांवाच्या नोकरास तो फॉस्फेटच्या दगडासारखा वाटला. त्यानें तो तपासविला, आणि १९०० सालीं असें ठरलें कीं हा अत्यंत उंची प्रतीचा फॉस्फेट आहे. म्हणजे ज्या स्फुरदासाठीं जगांतील शेतकरी पैसे मोजतात, त्याचा संबंध डोंगरच त्या बेटावर होता. बेट १८८८ पासून जर्मनांच्या ताब्यांत होतें. त्यांच्या परवानगीनें इंग्रज कंपनीनें १९०६-०७ च्या सुमारास खोदकाम सुरू केलें. जमीनमालकास आरंभीं एका टनास अर्धा पेनी मिळे.

पहिल्या महायुद्धांत १९१४ सालीं ऑस्ट्रेलियानें बेट घेतलें. १९१९ सालीं ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ह्या तीन सरकारांनीं मिळून एक मंडळ नेमलें आणि खाणी त्याच्याकडे सोंपविल्या. ह्या मंडळाचें धोरण उघड होतें: नफा करावयाचा नाहीं, आपल्या शेतकऱ्यांस खत उत्पादनाच्या खर्चांत पुरवावयाचें. शेतकऱ्यांच्या दृष्टीनें ह्याहून उत्तम धोरण कोणतें? ऑस्ट्रेलियाच्या जुन्या, झिजलेल्या मातींत स्फुरदाचा मोठा तुटवडा असतो. नौरूच्या दगडावर गंधकाचें तेजाब टाकून केलेलें सुपरफॉस्फेट तेथें पडलें, त्यावर क्लोव्हर नांवाचें द्विदल गवत माजलें, त्या गवतानें हवेंतील नत्र मातींत आणिला, आणि जेथें एक मेंढी पोटभर चरत नव्हती तेथें कळप उभे राहिले. न्यूझीलंडांत तर १९४९ पासून डोंगरउतारांवरील कुरणांत विमानांतून सुपर टाकूं लागले. दक्षिण गोलार्धांतील त्या लोंकर, लोणी व मांस ह्यांच्या वैभवाचा एक मोठा पाया नौरूच्या पठारांतून खणून नेलेला आहे. कमी किमतीनें मिळालेल्या खताचा उरलेला भाग कोणी भरला, हें त्या शेतकऱ्यांस कोणी सांगितलें नाहीं, व त्यांनींही विचारलें नाहीं. आपण तरी खताचें पोतें घेतांना तें कोठून आलें हें विचारतों काय?

बेटावर काय होत होतें? खाणीबरोबर कंपनीचें दुकान आलें. दुकानांत सडलेला पांढरा तांदूळ, मैदा, साखर, डब्यांतील मांस व आटविलेलें गोड दूध. आपल्या कोंकणांतल्याप्रमाणें नारळीची माडी काढून पिणें तेथेंही चालत असे; सरकारनें नीतिरक्षणासाठीं ती बंद केली. थोड्याच काळांत तान्हीं मुलें बेरीबेरीनें दगावूं लागलीं. पांढऱ्या तांदुळांत व मैद्यांत 'ब' जीवनसत्त्व उरत नाहीं, तें आयांना माडीच्या आंबवणांतून मिळत होतें, आणि तेंच कायद्यानें काढून घेतलें होतें. तेथील डॉक्टर ब्रे ह्यांनीं १९२० नंतरच्या दशकांत हें कारण शोधून काढलें आणि माडीच पुन्हा औषध म्हणून देवविली. नौरूच्या अन्नांतील पहिला बिघाड हा असा आहे. तो मेदाचा नव्हता, उणिवेचा होता. भरल्या पोटीं उणीव ही कल्पना ज्यास समजली, त्यास पुढला सारा प्रकार समजण्यास जड जाणार नाहीं.

दुसऱ्या महायुद्धाचा घाव फार क्रूर होता. जपान्यांनीं १९४२ सालीं बेट घेतलें व १९४३ सालीं सुमारें बाराशें नौरू लोकांस दूरच्या ट्रुक बेटांवर मजुरीस नेलें. उपासमारीनें व रोगांनीं त्यांतील कितीतरी तेथेंच मेले. १९४६ च्या जानेवारींत परत आलेल्यांची संख्या ७३७ होती. आज ज्यांच्या स्थूलपणाची जग गंमत करतें, तीं बरीचशीं ह्या उपाशी परतलेल्यांचीं मुलेंनातवंडें आहेत.

३१ जानेवारी १९६८ रोजीं नौरू स्वतंत्र झालें. हॅमर डीरॉबर्ट हे पहिले अध्यक्ष. खाणी लोकांनीं विकत घेतल्या व फॉस्फेटचा पूर्ण भाव प्रथमच घरांत आला. १९७० नंतरच्या दशकांत दरडोई उत्पन्नांत हें बेट जगांतील अगदीं वरच्या देशांत गणलें जात होतें. कर नाहीं, दवाखाना फुकट, शाळा फुकट. सरकारनें स्वतःची विमानें घेतलीं. मेलबर्न येथें १९७७ सालीं बावन्न मजल्यांची इमारत उभारली. पुढें १९९३ सालीं लंडनच्या रंगभूमीवर लिओनार्दो द विंची ह्याच्यावर एक संगीत नाटकही ह्याच पैशांतून आलें, व सपशेल पडलें. परंतु पैसा आला तेव्हां जमीन गेलेली होती. मधल्या पठाराचा वरचा थर खणून नेल्यावर जें उरलें तें पुरुषभर व त्याहून उंच असे पांढरे खडकाळ सुळके. बेटाच्या सुमारें चार पंचमांश भागाची ही गत झाली. जेथें केवड्याचीं झाडें होतीं तेथें पाय ठेवण्यास जागा नाहीं. तळ्यांतील माशांचीही कथा अशीच. १९६० च्या सुमारास अन्नवृद्धीच्या सद्हेतूनेंच टिलापिया नांवाचा आफ्रिकेकडील मासा बेटावर आणला. तो इतका माजला कीं जुन्या माशाची पैदास त्यानें खाऊन टाकली आणि लोकांनीं तीं पिढीजात मत्स्यशेतें सोडून दिलीं. परदेशी वाण आणतांना घाई करणाऱ्यांनीं हें उदाहरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

अशा स्थितींत माणसानें खावें काय? जहाजानें येईल तें. आणि महिनोन् महिने जहाजांत टिकतें तें कोणतें? साखर, मैदा, पांढरा तांदूळ, तेल, खारविलेलें वा डब्यांतील मांस, बाटलींतील गोड पाणी. पालेभाजी टिकत नाहीं, फळ टिकत नाहीं, ताजा मासा टिकत नाहीं. शेतांत राबणें नाहीं, होडींत वल्हें मारणें नाहीं. घरटी मोटारगाडी आली, आणि साऱ्या बेटाभोंवतीं फिरणारा रस्ता वीस किलोमीटरांच्याही आंतला. १९७५-७६ सालीं पॉल झिमेट ह्या ऑस्ट्रेलियन वैद्यकशास्त्रज्ञानें व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथील लोकांची तपासणी केली, तेव्हां प्रौढांपैकीं सुमारें एक तृतीयांशांस मधुमेह आढळला. त्या काळीं जगांत कोणत्याही ठिकाणीं असा आंकडा जवळजवळ ऐकिवांत नव्हता. आपल्यापैकीं कित्येकांनीं घरांत पाहिलेंच असेल कीं मधुमेह हा नुसता लघवींतील साखरेचा रोग नव्हे. तो डोळे घेतो, मूत्रपिंड घेतो, आणि पायाच्या आंगठ्यावरील लहानशा जखमेचें निमित्त करून पाय घेतो. कर्ता माणूस पन्नाशीच्या आंत निकामी झाला म्हणजे घराचें काय होतें हें शेतकऱ्यास सांगावयास नको.

ह्या लोकांच्या रक्तांतच कांहीं निराळें आहे काय? १९६२ सालीं जेम्स नील ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें अशी उपपत्ति मांडली कीं, ज्यांचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या टंचाईंत जगले त्यांची शरीरें मेद साठविण्यांत काटकसरी बनलीं, व सुबत्ता येतांच तोच गुण दोष ठरला. २०१६ सालीं सामोआच्या लोकांत एक आनुवंशिक फरक सांपडलाही. तो ज्यांच्यांत आहे त्यांचें वजन अधिक असतें, मात्र त्यांस मधुमेह उलट कमी होतो. तेव्हां प्रकरण वाटतें तितकें सरळ नाहीं. आमच्या मतें रक्ताकडे बोट दाखविण्यांत एक सोय असते. बी बदललें नसतां दोन पिढ्यांत पीक बदललें, तर शहाणा शेतकरी प्रथम जमीन, पाणी व खत ह्यांकडे पाहतो. नौरूच्या माणसाचें बी १९०० सालीं होतें तेंच १९७५ सालींही होतें.

आतां थोडें दक्षिणेकडे, टोंगा व सामोआ येथें जाऊं. कारण तेथें नौरूच्या खताचें चक्र पुरें होतें. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें मेंढी कापली कीं मांड्या व पाठीचें चांगलें मांस श्रीमंत देशांत जातें. उरतो पोटाकडचा चरबट पट्टा. त्यांत कधीं कधीं निम्म्याच्या आसपास चरबीच असते, आणि त्या देशांत त्यास गिऱ्हाईक मिळत नाहीं. तो गोठवून स्वस्तांत बेटांकडे धाडतात. अमेरिकेंतून अशाच रीतीनें टर्की पक्ष्याचें शेपूट येतें. मुळच्या देशांत तें फेंकून देण्याच्याच लायकीचें. म्हणजे पाहा: एका बेटाची माती उचलली, तिच्यावर दुसऱ्यांनीं गवत पिकविलें, गवतावर मेंढी पोसली, मेंढीचें मांस तिसरीकडे विकलें, आणि नको असलेली चरबी पुन्हा त्याच समुद्रांतील बेटांच्या ताटांत आली.

टोंगाचें उदाहरण तर जमीनदार वाचकांस अधिकच विचार करावयास लावील. तेथें खाणी नाहींत. तो शेतकऱ्यांचाच देश आहे. तेथील कायद्यानें सोळा वर्षांवरील प्रत्येक पुरुषास सव्वाआठ एकर जमिनीचा हक्क दिलेला आहे. तीवर अळकुड्या, रताळीं, सुरणासारखे कंद, केळीं व नारळ होतात. १९८७ पासून टोंगाच्या शेतकऱ्यांनीं जपानसाठीं एका जातीचा भोंपळा लावण्यास सुरुवात केली. कांहीं वर्षें भाव उत्तम मिळाला व देशांत पैसा खेळला. तोच पैसा दुकानांत मेंढीच्या पट्ट्यांवर गेला. कोळी ताजा मासा विकतो आणि घरीं येतांना गोठविलेली चरबी घेऊन येतो, कारण विकलेल्या एका माशाच्या किमतींत ती साऱ्या घरास पुरते. लोकांना कळत नाहीं म्हणावें, तर तसेंही नाहीं. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत टोंगाच्या लोकांनीं आपले मासे व कंदच अधिक पौष्टिक असें स्पष्ट सांगितलें. तरीही किंमत व उपलब्धता पाहून ते दुसरेंच खात होते. लठ्ठपणावर व्याख्यानें देत हिंडणाऱ्या मंडळींनीं ह्या पाहणीचा विचार करावा. जेथें खरें अन्न महाग व खोटें अन्न स्वस्त, तेथें ज्ञान वाढवून वजन उतरत नाहीं. टोंगाचे राजे तौफाआहाऊ तुपौ चौथे ह्यांचें स्वतःचें वजन एके काळीं दोनशें किलोंहून अधिक होतें. त्यांनीं उतारवयांत व्यायाम सुरू करून तें बरेंच कमी केलें आणि प्रजेसाठीं वजन घटविण्याच्या शर्यती लावल्या. राजानें स्वतः पुढें व्हावें हें स्तुत्य होय. पण बंदरांत येणाऱ्या मालावर त्या शर्यतींचा परिणाम झाला नाहीं.

मालावरच बंदी घालण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. फिजीनें २००० सालीं मेंढीच्या पट्ट्यांची विक्री बंद केली. सामोआनें २००७ सालीं टर्कीच्या शेपटांची आयात बंद केली. परंतु पुढें सामोआस जागतिक व्यापार संघटनेंत शिरावयाचें होतें. तेथें ही बंदी अडथळा ठरली, आणि २०१२ सालीं सभासद होतांना ती उठवून तिच्या जागीं जबर जकात बसविण्यावर भागवावें लागलें. आपल्या प्रजेनें काय खाऊं नये हें ठरविण्याचा अधिकार लहान राष्ट्रास किती उरला आहे, ह्याचा हा नमुना. जकात मात्र अगदींच निरुपयोगी नव्हे. मेक्सिकोनें २०१४ पासून गोड पेयांवर दर लिटरमागें एक पेसो कर बसविला व त्या पेयांचा खप त्यामुळें उतरला. नौरूनेंही २००७ सालीं साखर व गोड पेयें ह्यांवर शेकडा तीस जकात बसविली होती.

हा सर्व दूरच्या समुद्रांतील प्रकार, आपला त्याशीं संबंध काय, असें कोणी म्हणेल. त्याचें उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं दिलेलें आहे. त्यांनीं १९९३ पासून पुणें जिल्ह्यांतील सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांचीं मुलें ह्यांचा पिढीभर अभ्यास केला. तेथें जन्मणारें मूल सरासरीनें सुमारें २.७ किलोंचें, इंग्लंडांतील साउथॅम्प्टन येथें तें ३.५ किलोंचें. आपलें मूल सर्व बाजूंनीं लहान, परंतु स्नायू जितके कमी तितका मेद कमी नाहीं. वरून कृश, आंतून मेदयुक्त, अशी ही जन्मतःची ठेवण. राबत्या शेतकरी स्त्रियांचीं हीं मुलें! पुढें अशा मुलाचें वजन थोडें वाढलें तरी तो मेद पोटांत, यकृताभोंवतीं जमतो व मधुमेह तरुणपणींच येतो. पॅसिफिक बेटांतील माणसाच्या अंगांत, त्याच्या वजनाच्या मानानें, स्नायू पुष्कळ असतात. आपलें नेमकें उलट. म्हणून भारतीय डॉक्टर आपल्यासाठीं २३ पासूनच वजन जास्त व २५ पासून लठ्ठपणा धरतात. आरंभीं सांगितलेल्या साडेपांच फुटी माणसास ७० किलोंपर्यंत मोकळीक होती. तो मराठा शेतकरी असेल तर ६५ किलोंवरच त्यानें सावध व्हावें. तराजू नसल्यास दोरी पुरे: कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरांच्या आंत असावा.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत भारतांतील खेड्यांत शेकडा सुमारें वीस स्त्रिया व जवळजवळ तितकेच पुरुष २५ च्या वर आढळले. शहरांतील नव्हे, खेड्यांतील. नांगराची जागा ट्रॅक्टरनें व मोटेची जागा विजेच्या पंपानें घेतली, हें योग्यच झालें. कोणाही शेतकऱ्यानें पुन्हा मोट हांकावी असें आम्ही म्हणणार नाहीं. पण मोट हांकणाऱ्याचा आहार पंपाची कळ दाबणाऱ्यास लागत नाहीं, आणि आहारांत जें बदललें तें घटण्याच्या दिशेनें बदललें नाहीं. ज्या शिवारांत ऊंस, कापूस व सोयाबीन ह्यांपलीकडे कांहीं दिसत नाहीं, त्या गांवीं मूग, चवळी, अंबाडी, शेंगदाणे व ज्वारी विकत आणावीं लागतात. आणि विकतच आणावयाचें तर दुकानाच्या दाराशीं टांगलेली तळलेल्या वेफरांची पांच रुपयांची पुडी अंबाडीच्या जुडीपेक्षां मुलांच्या हाताशीं अधिक जवळ असते. नगदी पीक घेऊं नये, असा ह्याचा अर्थ नव्हे. बांधावर, पाटाच्या कडेला, परसांत कुटुंबास पुरेल इतकी डाळ, भाजी व चार फळझाडें ज्याची स्वतःचीं आहेत, त्याच्या घरांत दुकानाचा शिरकाव कमी होतो. आणि ही जागा राखणें अद्याप आपल्या हातीं आहे. गरोदर सुनेच्या ताटांत ती पालेभाजी, दूध व फळें पडतात कीं नाहीं, हें घरांतील मोठ्या माणसांनीं पाहावें. पुण्याच्या अभ्यासांत ज्या स्त्रियांनीं हीं अधिक खाल्लीं, त्यांचीं मुलें जन्मतः अधिक भरलेलीं आढळलीं.

नौरूच्या हातीं ती जागा फारशी उरली नाहीं. शतक सरतां सरतां वरचा फॉस्फेट संपत आला. गुंतविलेला पैसा वाईट व्यवहारांत व ठकांच्या सल्ल्यांत वाहून गेला. २००४ सालीं मेलबर्नची इमारतही विकावी लागली. त्यापूर्वीं १९८९ सालीं ह्या लहानशा राष्ट्रानें हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयांत ऑस्ट्रेलियावर जमिनीच्या नासाडीबद्दल दावा लाविला होता, व १९९३ सालीं १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांवर तडजोड झाली. सुळके फोडून जमीन सपाट करण्याचें काम त्यानंतर हातीं घेतलें गेलें, पण तें फार थोड्या क्षेत्रापर्यंत पोंचलें आहे. फोडलेल्या खडकावर माती कोठून आणावी, हा प्रश्न निराळाच. तैवानच्या शेतकी तज्ज्ञांनीं अनेक वर्षें बेटावर भाजीपाल्याचे वाफे व कोंबड्यांचें पालन करून दाखविलें, शाळांतून मुलांना भाजी लावण्यास शिकविलें; जानेवारी २०२४ मध्यें नौरूनें तैवानशीं राजकीय संबंध तोडून चीनशीं जोडले, तेव्हां तें काम थांबलें. किनाऱ्याच्या पट्टींत ज्यांच्या घरामागें चार हात जागा आहे ते पपई, केळीं व भोंपळा लावतात. बाकीची भाजी आजही जहाजानें किंवा विमानानें येते, आणि जहाजास उशीर झाला कीं दुकानांत तांदूळ, मैदा व डबे तेवढे शिल्लक असतात.